आजऱ्याचा काजू आणि इटलीचा जेलातो

जेवणाच्या पानांतील कोणता पदार्थ आपला आणि कोणता परका, हें ठरविणें वाटतें तितकें सोपें नाहीं. उपासाच्या फराळाचेंच उदाहरण घ्यावें. साबूदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याचें कूट आणि हिरवी मिरची यांवांचून महाराष्ट्रांतील एकादशी पार पडत नाहीं. पण आपल्याकडील साबूदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा, भुईमूग आणि मिरची हे चारहि अमेरिका खंडांतून आलेले पाहुणे होत. धर्मशास्त्राच्या प्राचीन ग्रंथांत त्यांचें नांव सांपडावयाचें नाहीं. तरी देवघरापासून दहा पावलांवर असलेल्या चुलीनें त्यांना बिनतक्रार पदरांत घेतलें. काजू हा त्याच वाटेनें आलेला प्रवासी. आणि या काजूपासून घरच्या घरीं जो थंड पदार्थ करतां येतो, त्याची कृति इटलीची. एका वाटींत दोन परकीयांची ही भेट घडते खरी. परंतु तिचा इतिहास उलगडूं लागलें, कीं परका कोणास म्हणावें असा प्रश्न उरतो.

कोल्हापूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस, सह्याद्रीच्या ऐन कण्यालगत आजरा हें गांव आहे. आंबोलीजवळ उगम पावणारी हिरण्यकेशी नदी या गांवाजवळून गडहिंग्लज व संकेश्वर यांकडे वाहत जाते. गांवाचें दैवत रवळनाथ. नदीकांठीं रामतीर्थाचें रमणीय स्थान. संस्थानी काळांत हा मुलूख घोरपड्यांच्या इचलकरंजी जहागिरीकडे होता. १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, तेव्हां त्याबरोबर आजराहि त्या प्रांतांत आला. राजवट कोणतीहि असो, या भागाचें तोंड मात्र नेहमींच दोन दिशांना राहिलें. पूर्वेस देशावरील काळी जमीन, आणि पश्चिमेस घाट उतरतांच सावंतवाडी, वेंगुर्लें व गोवें. पाऊस येथें कोंकणासारखा कोसळतो, आणि डोंगरउतारावरील जमीन जांभ्याची, तांबडी, पाणी न धरणारी. अशा जमिनींत ज्वारी रुसते. पण खोलगट खाचरांत घनसाळ नांवाचा सुवासिक भात पिकतो. या भाताच्या नांवास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. आणि जेथें भातहि पिकत नाहीं त्या वरकस उतारावर काजू उभा राहतो.

काजूचें मूळ घर ब्राझील देशाचा ईशान्य किनारा. तेथील तुपी लोक त्याला 'अकाजू' म्हणत. पोर्तुगीजांनीं त्याचें 'काजू' केलें, आणि मराठीनें तो शब्द जसाच्या तसा उचलला. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांच्या जहाजांतून हें झाड पश्चिम किनाऱ्यावर उतरलें. गोव्यांत राहून हिंदुस्थानांतील औषधींवर ग्रंथ लिहिणाऱ्या गार्सिया द ओर्ता याच्या १५६३ सालच्या पुस्तकांत काजूचें वर्णन नाहीं. परंतु १५७८ सालीं क्रिस्तोव्हाव द कोस्ता यानें कोचीनच्या बागांत हें झाड पाहिल्याची नोंद केली. म्हणजे या दोन तारखांच्या आसपास काजूनें येथें मूळ धरलें असें म्हणावयास हरकत नाहीं. केरळांत त्याला 'परंगी मावु', म्हणजे फिरंग्यांचा आंबा, असें नांव पडलें. लोकांनीं परक्या झाडाला परकें नांव दिलें. पण त्याबरोबर आंब्याशीं त्याचें नातेंहि अचूक ओळखलें.

हें नातें वनस्पतिशास्त्रास मान्य आहे. आंबा, काजू, पिस्ता आणि बिब्बा हीं चारहि झाडें एकाच कुळांतील होत. शास्त्रज्ञांनीं काजूला दिलेलें 'अनाकार्डियम' हें लॅटिन नांव तर मूळचें बिब्ब्याचें. युरोपांतील औषधविक्रेते बिब्ब्याला त्या नांवानें ओळखत, आणि लिनीअस या शास्त्रज्ञानें अठराव्या शतकांत तें काजूला देऊन टाकलें. बिब्ब्याचें तेल अंगास लागलें कीं फोड उठतात, हें खेड्यांतील प्रत्येक घरास ठाऊक असतें. काजूबीच्या टरफलांतील तेलाचा गुणहि तोच. दांतांनीं काजूबी फोडण्याचें साहस ज्यानें एकदां केलें, तो तें पुन्हां करीत नाहीं. हा भाजणारा स्वभाव हीच काजूच्या इतिहासाची किल्ली आहे. बोंडू हातानें पिळतां येतो, त्याचा रस आंबवून गोंवेकरांनीं फेणी काढली. पण गर मिळवावयाचा तर बी भाजावी किंवा वाफवावी लागते, मग एकेक बी फोडून, वरची पातळ साल सोलून, आंतील दोन पाकळ्या न मोडतां बाहेर काढाव्या लागतात. चार किलो बियांतून सुमारें एक किलो गर निघतो. या सोपस्कारामुळेंच काजू हें कित्येक शतकें किनाऱ्यावरील लोकांचें हंगामी खाणें राहिलें, आणि जगाच्या बाजारांत तें १९२० नंतरच्या दशकांत, पश्चिम किनाऱ्यावर गर काढून अमेरिकेस पाठविण्याचा धंदा उभा राहिल्यावर, मोठ्या प्रमाणावर गेलें.

आतां दुसऱ्या प्रवाशाकडे वळावें. 'जेलातो' या इटालियन शब्दाचा अर्थ 'गोठविलेलें' एवढाच. तो कोणी शोधला, याविषयीं दोन गोष्टी फार सांगितल्या जातात. मार्को पोलोनें गोठविलेल्या दुधाची विद्या चीनमधून आणली, ही एक. आणि फ्लॉरेन्सची राजकन्या कातेरिना दे मेदिची १५३३ सालीं विवाहानिमित्त फ्रान्सला गेली, तेव्हां तिच्या आचाऱ्यांनीं ही विद्या तिकडे नेली, ही दुसरी. दोन्हीं गोष्टींस त्या काळच्या कागदपत्रांचा आधार नाहीं. त्या फार पुढें, एकोणिसाव्या शतकांत, रंगविल्या गेल्या. खरा इतिहास राजकन्येचा नसून मिठाचा आहे.

नुसत्या बर्फांत दुधाचें भांडें ठेवलें तर दूध गार होतें, गोठत नाहीं. शुद्ध पाणी शून्य अंशास गोठतें. साखर घातलेलें दूध गोठावयास त्याहून अधिक थंडी लागते, आणि वितळत्या बर्फांत ती थंडी नसते. बर्फांत मीठ मिसळलें म्हणजे मात्र चमत्कार घडतो. मिठामुळें बर्फ शून्याच्या खालींहि वितळत राहतो, आणि वितळण्यास लागणारी उष्णता तो शेजारच्या वस्तूंतून ओढून घेतो. प्रमाण नीट साधलें तर हें मिश्रण शून्याखालीं एकवीस अंशांपर्यंत उतरतें. मानवानें ही गोष्ट पायरीपायरीनें ओळखली. सोरा पाण्यांत विरघळविला असतां पाणी गार होतें, हें अरब वैद्यांस तेराव्या शतकांत ठाऊक होतें. दमास्कसच्या इब्न अबी उसैबियाच्या ग्रंथांत तें आलें आहे. १५५० सालीं रोममध्यें राहणाऱ्या ब्लास व्हिलाफ्रांका या स्पॅनिश वैद्यानें सोऱ्यानें मद्य थंड करण्याची रीत छापून प्रसिद्ध केली. पुढें नेपल्सच्या जांबात्तिस्ता देल्ला पोर्ता यानें १५८९ च्या आपल्या ग्रंथांत, सोरा आणि हिम एकत्र करून त्यांत मद्याचें भांडें फिरविल्यास मद्य गोठतें, असें नमूद केलें.

नेमक्या याच वेळीं हिंदुस्थानांत काय चाललें होतें? अबुल फजलाच्या 'ऐने अकबरी'त अकबराच्या आबदारखान्याचें वर्णन आहे. सोऱ्याच्या पाण्यांत जस्ताची बाटली फिरवून पिण्याचें पाणी गार करण्याची रीत त्यांत दिली आहे, आणि १५८६ च्या सुमारास बादशहाचा मुक्काम पंजाबांत हलल्यावर उत्तरेकडील पर्वतांतून हिम व बर्फ येऊं लागल्याचेंहि सांगितलें आहे. पातशाही मुदपाकखान्यांतून पुढें उत्तर हिंदुस्थानांत जी कुलफी रूढ झाली, तिचें नांवच तिची रीत सांगतें. अरबी 'कुफ्ल' म्हणजे कुलूप. मराठीतील कुलूप हा शब्दहि त्याचाच. आटविलेलें दूध झांकणाच्या धातूच्या साच्यांत भरून, सांध कणकेनें बंद करून, तो साचा बर्फ व मीठ यांत ठेवावयाचा, म्हणजे दुधास कुलूप घालावयाचें. इटलींत भांडें फिरवीत राहिले, हिंदुस्थानांत साचा बंद करून ठेवला. विद्या एकच, पण त्या फरकामुळें दोन निराळे पदार्थ जन्मास आले. न ढवळलेली कुलफी दाट व दाणेदार होते. सतत ढवळलेला जेलातो लोण्यासारखा मऊ राहतो.

इटलींतील पाककृतींचा लेखी पुरावा सतराव्या शतकाच्या अखेरीस मिळतो. नेपल्समध्यें मोठ्या घराण्यांत कारभारी असलेल्या अंतोनिओ लातीनी यानें १६९२ व १६९४ सालीं दोन भागांत प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत सरबतें गोठविण्याच्या कृति आहेत, आणि त्यांतील एक दुधाची आहे. त्याच सुमारास, १६८६ सालीं, प्रोकोपिओ नांवाच्या सिसिलियन गृहस्थानें पॅरिसमध्यें उपाहारगृह काढलें व तेथें गोठविलेलीं पेयें विकलीं. १७७५ सालीं फिलिप्पो बाल्दीनी या नेपल्सच्या वैद्यानें तर केवळ या गोठविलेल्या पदार्थांवर एक पुस्तक लिहिलें. या सर्व नांवांत दक्षिण इटली पुन्हां पुन्हां येते, हा योगायोग नव्हे. सिसिलींत एट्ना पर्वताचें हिम खड्ड्यांत साठवून उन्हाळ्यांत विकण्याचा मोठा व्यापार होता. त्याच बेटावर नवव्या शतकापासून अरबांचें राज्य झालें. त्यांनीं तेथें ऊस, लिंबें आणि पिस्त्याची लागवड वाढविली. इटालियन लोक गोठविलेल्या फळरसास 'सोर्बेत्तो' म्हणतात, तो शब्द आपल्या सरबताचाच भाऊ. हिम, साखर व पिस्ता या तिहींची गांठ सिसिलींत पडली, आणि कवचफळांचा जेलातो तेथें घडला.

एट्नाच्या पश्चिम उतारावर ब्रोन्ते नांवाचें गांव आहे. लाव्हारसाच्या ओबडधोबड दगडांत, जेथें दुसरें पीक येत नाहीं तेथें, पिस्त्याचीं झाडें उभीं असतात. फळें एक वर्षाआड काढावयाची तेथें चाल आहे. ब्रोन्तेचा हिरवा पिस्ता आज जगभर नांवाजला जातो, आणि त्याचा जेलातो हा सिसिलीचा अभिमान मानला जातो. उत्तरेस पीदमाँत प्रांतांत हेंच स्थान हेझलनटास आहे. नेपोलियननें १८०६ सालीं इंग्रजी व्यापाराची नाकेबंदी केली, कोको महाग झाला, आणि तुरीनच्या हलवायांनीं तो पुरवून वापरण्यासाठीं त्यांत हें स्थानिक फळ वाटून घातलें, असें सांगतात. कोणत्याहि देशाचा नामांकित पदार्थ पाहिला तर त्याच्या मागें अशी एखादी अडचण, एखादी खडकाळ जमीन आणि हाताशीं असलेल्या वस्तूचा सदुपयोग हीं दिसून येतात. ब्रोन्तेचा लाव्हा आणि आजऱ्याचा जांभा यांत भूगर्भशास्त्राच्या दृष्टीनें पुष्कळ अंतर असेल. शेतकऱ्याच्या दृष्टीनें फारसें नाहीं.

महाराष्ट्रांत बर्फ आला तो मात्र परदेशांतून, आणि तोहि जहाजानें. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्यानें तेथील तळ्यांतील बर्फाच्या लाद्या भुशांत गुंडाळून १८३३ सालीं कलकत्त्यास धाडल्या. १८० टन बर्फ निघाला, चार महिन्यांच्या प्रवासांत विषुववृत्त दोनदां ओलांडून सुमारें १०० टन पोंचला. पुढल्याच वर्षीं मुंबईस बर्फ आला. जमशेटजी जीजीभाई यांनीं आपल्या मेजवानींत आइस्क्रीम वाढलें, आणि नंतर यजमान व पाहुणे यांना पडसें झालें, ही हकीकत मुंबईच्या जुन्या इतिहासांत नमूद आहे. पुढें लोकवर्गणींतून मुंबईंत बर्फघर उभें राहिलें. जहाज उशिरां आलें तर बर्फाचा दुष्काळ पडे. १८८० च्या सुमारास यंत्रानें बर्फ करण्याचे कारखाने येथेंच निघाले, तेव्हां अमेरिकेचा बर्फ बंद झाला.

बर्फ स्वस्त झाला, तेव्हां त्याच्या जोडीस आणखी एक साधन पोंचलें. फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन नांवाच्या बाईनें १८४३ सालीं हातानें फिरवावयाच्या आइस्क्रीम यंत्राचा हक्क नोंदविला होता. बाहेर लांकडी पिंप, आंत धातूचा डबा, डब्यांत ढवळणारे पंखे, वर दांडा. मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय घरांत हेंच 'पॉट' झालें. उन्हाळ्याच्या सुटींत माडीवर किंवा अंगणांत पॉट मांडावयाचा, बर्फाची लादी गोणपाटांत घालून फोडावयाची, खडे मीठ पसरावयाचें, आणि घरांतील मुलांनीं पाळीपाळीनें दांडा फिरवावयाचा. दांडा जड झाला कीं थोरल्यांपैकीं कोणीतरी हात लावावयाचा. कित्येक घरांत आंबा किंवा सीताफळ यांचें आइस्क्रीम या रीतीनें झालें. काजू मात्र बहुधा वर तुकडे टाकण्यापुरताच आला. हा उणेपणा इटलीच्या रीतीनें भरून निघतो.

जेलातो व साधें आइस्क्रीम यांत मुख्य भेद तीन. जेलातोंत साय कमी व दूध अधिक, म्हणून स्निग्धांश शेंकडा ४ ते ८ च्या घरांत. त्यांत हवा कमी मिसळलेली, म्हणून तो दाट. आणि तो शून्याखालीं बारा अंशांच्या आसपास, म्हणजे आइस्क्रीमपेक्षां थोडा कमी थंड वाढला जातो, म्हणून जिभेस बधिरता येत नाहीं व चव लवकर कळते. याशिवाय सिसिलीची एक खास रीत आहे. उत्तर इटलींत पुष्कळदां अंड्याचा पिवळा बलक घालून दूध दाट करतात. सिसिलींत त्या ऐवजीं पिठूळ सत्त्व घालून दूध शिजवितात. शाकाहारी घरास ही रीत जशीच्या तशी चालते, आणि फिरनी करणाऱ्या गृहिणीला तर ती शिकविण्याचीहि गरज नाहीं.

कृति अशी. आठ-दहा माणसांकरितां गाईचें दूध एक लिटर, काजूगर १५० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, घनसाळ तांदळाची बारीक पिठी २० ग्रॅम आणि चिमूटभर मीठ घ्यावें. म्हशीचें दूध सहसा घेऊं नये; काजूच्या वजनांत निम्म्याजवळ तेल असतें, त्यांत म्हशीच्या दुधाची साय मिळाली कीं पदार्थ तोंडांत जड होतो व काजूची चव दबते. काजू मंद आंचेवर, हलवीत राहून, फिकट बदामी होईपर्यंत भाजावे. भाजल्यावांचून काजूची चव थंडींत लपून जाते. आणि अधिक भाजले तर कडवटपणा येतो. भाजलेले काजू थोड्या गरम दुधांत तासभर भिजत घालून पाट्यावर किंवा मिक्सरमध्यें अगदीं लोण्यासारखे वाटावे. वाटण जितकें मऊ, तितका जेलातो मऊ. येथें घाई करणें म्हणजे पुढील सर्व श्रम वायां घालविणें होय.

तांदळाची पिठी थोड्या गार दुधांत कालवावी. उरलेलें दूध साखर घालून तापवावें, उकळीच्या बेतास आलें कीं पिठीचें कालवण धार धरून घालावें, आणि बुडास लागूं न देतां पांच-सात मिनिटें शिजवावें. शेवटीं काजूचें वाटण व मीठ घालून दोन मिनिटें ढवळावें. बदाम-पिस्त्यापेक्षां काजूंत पिठूळ अंश पुष्कळ असतो. म्हणून वाटण पडतांच दूध झपाट्यानें दाट होतें. घट्टसर कढीइतकें दाट झालें कीं उतरावें. तांदळाच्या पिठीचें काम केवळ दाटपणा आणणें नव्हे. गोठतांना पाण्याचे मोठे स्फटिक बनूं पाहतात. शिजलेल्या पिठाच्या जाळ्यांत तें पाणी अडकून पडतें व स्फटिक बारीक राहतात. साखरेचें कामहि दुहेरी आहे. ती गोडी देते, आणि कांहीं पाणी न गोठतां राहूं देते. साखर फार कमी केली तर जेलातो दगडासारखा होतो, फार वाढविली तर गोठतच नाहीं. म्हणून तिचें माप जिभेवर सोडूं नये.

मिश्रण लवकर गार करून रात्रभर फ्रीजमध्यें ठेवावें. नंतर तें पॉटमध्यें भरून भोंवतीं पांच भाग फोडलेला बर्फ व एक भाग खडे मीठ असे थर द्यावे, आणि वीस ते तीस मिनिटें फिरवावें. मीठ याहून फार वाढविलें तर कडेचें दूध एकदम गोठून दाणे पडतात. झांकण उघडतांना त्यावरील खारें पाणी आधीं पुसून घ्यावें, नाहींतर सगळा पदार्थ खारट होतो. पॉट नसेल तर पसरट डब्यांत घालून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यांत ठेवावें व दर अर्ध्या तासानें काढून जोरानें घोटावें. चार-पांच वेळां असें केलें म्हणजे काम भागतें. वाढण्यापूर्वीं दहा मिनिटें डबा बाहेर काढून ठेवावा.

या कृतींत अखंड, पांढराशुभ्र, मोठा काजू घेण्याचें कांहींच कारण नाहीं. बाजारांत गराची किंमत त्याच्या आकारावर ठरते. एका पौंडांत १८० दाणे मावतात तो सर्वांत महाग, २४० चा त्याखालीं, ३२० चा त्याहून खालीं. मग पाकळी, आणि शेवटीं तुकडा. चवींत मात्र तुकडा आणि अखंड दाणा यांत भेद नाहीं. ज्याला वाटूनच घ्यावयाचें आहे, त्यानें अखंड दाण्याचा दाम मोजणें म्हणजे केवळ रूपाला पैसे देणें. इटलींतील कारागीरहि पिस्ता वाटून त्याचें लोणीच वापरतात.

येथें प्रश्न केवळ घरखर्चाचा राहत नाहीं. १९५७ सालीं वेंगुर्ल्यास फळसंशोधन केंद्र स्थापन झालें, तेथून काजूच्या सुधारलेल्या जाती बाहेर पडल्या. १९९० नंतर महाराष्ट्र सरकारनें रोजगार हमीशीं फळबागांची सांगड घातली, तेव्हां काजूची लागवड फार वाढली. आजरा व चंदगड तालुक्यांत गर काढण्याचे लहानमोठे कारखाने उभे राहिले. मार्च ते मे या तीन महिन्यांत बी पिकते, आणि पैशाची नड असलेला शेतकरी ती त्याच वेळीं विकून मोकळा होतो. बी साठवावयास जागा व भांडवल ज्याच्यापाशीं आहे, भाव त्याच्या हातीं राहतो. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरहि पोर्तुगीजांनींच काजू नेला. आज तेथील कच्ची बी जहाजांनीं हिंदुस्थानांत येते, आणि आजऱ्याच्या उतारावरील शेतकऱ्याची बी तिच्याशीं स्पर्धा करते. गर काढणारे हात बहुतेक ठिकाणीं स्त्रियांचे. टरफलाच्या तेलापासून बचाव म्हणून बोटांना राख किंवा तेल चोळून त्या बसतात. दाणा अखंड निघाला तर मालाचा भाव वाढतो, मोडला तर उतरतो. बाजाराच्या भाषेंत ज्याला तुकडा म्हणतात, त्याच्याहि मागें तेवढेच श्रम पडलेले असतात.

इटलीच्या गांवांनीं आपल्या कवचफळांचें मोल वाढविलें तें केवळ पीक वाढवून नव्हे. ब्रोन्तेचा पिस्ता नुसता पोत्यांतून बाहेर जाता, तर त्या गांवाचें नांव कोणास कळलें नसतें. त्याचा गोड पदार्थ झाला, त्या पदार्थास गांवाचें नांव चिकटलें, आणि नांवामागोमाग दाम गेला. आजऱ्याच्या तांदळास नांव मिळालें आहे. त्याच तांदळाची पिठी आणि त्याच उतारावरचा काजू एका भांड्यांत घालून, उन्हाळ्याच्या दिवसांत, जेव्हां बी ताजी असते आणि थंड पदार्थाची इच्छाहि तेव्हांच होते, घरोघरीं हा जेलातो होऊं लागला, तर तो इटलीचा म्हणावा कीं आजऱ्याचा, हा वाद घालण्याचें कारण राहणार नाहीं. ब्राझीलचें झाड, अरबांचें सरबत, नेपल्सचें मीठ-हिम आणि फिलाडेल्फियाचा पॉट यांनीं आपापलें काम केव्हांच पुरें केलें आहे. उरलेलें काम खरेदी करणाऱ्या हातांचें आहे: काजू घेतांना तो कोठला, कोणीं फोडलेला, आणि त्याचा दाम कोठपर्यंत पोंचतो, एवढें विचारावयाचें.